संवर्धित वास्तव आणि नाट्यसंग्रह
नगरचे सदाशिव अमरापूरकर (१९५०–२०१४) यांची ‘हॅण्ड्स अप’मधील भूमिका पाहून गोविंद निहलानींनी त्यांना ‘अर्धसत्य’साठी (१९८३) निवडले. चित्रपटातला रामा शेट्टी आजही पाहता येतो. रंगमंचावरील ती भूमिका प्रयोगाबरोबरच संपली. उद्या सावेडीत नाट्यसंग्रह उभा राहिला आणि मोबाइल समोर धरताच रिकाम्या मंचावर नट वावरू लागला, तर नवख्या अभ्यासकाला नेपथ्याचे प्रमाण, नटाची जागा निश्चितच उमगेल. परंतु दोन छायाचित्रांमधली हालचाल संगणक कल्पनेनेच भरणार. ही भर शोधप्रबंधांत पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागली, म्हणजे पाठचिकित्सेने लावलेली सारी शिस्त वाया गेली! म्हणून रंगसूचनांच्या वह्या, ध्वनिमुद्रणे, सहकलाकारांच्या मुलाखती आधी जमवाव्यात. आणि अनुमानाचा प्रत्येक अंश पडद्यावर वेगळ्या रंगात दाखवावा.