उभी गाडी, काठावरची नाव

दशाश्वमेध घाटाच्या कडेला एक नाव पालथी घातली होती. नावाडी फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून बसवत होता आणि वरून डांबर ओढत होता. बरेच दिवस काठावर राहिली म्हणून सांधे उघडले, एवढेच त्याने सांगितले. लाकडी नाव पाण्यात असली की फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात. कोरडी ठेवली की गळते.

गंगेवरच्या अशा कितीतरी नावांची डिझेल इंजिने गेल्या काही वर्षांत काढून सीएनजीची बसवली गेली. धूर गेला, नाव आणि नावाड्याचा धंदा राहिला. हा घाटही तसाच. नानासाहेब पेशव्यांनी तो १७४८ मध्ये बांधला आणि अहिल्याबाईंनी १७७४ मध्ये पुन्हा बांधून काढला, असे सांगतात. त्याच पायऱ्यांवर आजही रोज स्नाने होतात, रोज संध्याकाळी आरती होते. जुना झाला म्हणून कोणी त्याला दोर लावून बंद केलेला नाही.

जुन्या मोटारींच्या बाबतीत मात्र आपल्या नियमाने दोरच लावला आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचा नियम आणला. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते आणि नोंदणी दहा वर्षे चालते. पण ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच काढायची. साधी नोंदणी कायम ठेवली तर गाडी रोज चालवता येते, पण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली. मान हवा तर चालवू नका, चालवायची तर दंड भरल्यासारखे पैसे भरा, असा हा पेच आहे.

मला यात कॉन्टेसा दिसते. अमेरिकेत १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मसल कारची, म्हणजे दणकट इंजिनाच्या गाड्यांची, लाट आली. आपल्याकडे ती हौस हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्यातल्या कॉन्टेसाने भागवली. १९८४ ते २००२ या काळात ती बनली. लांब बॉनेट, ऐसपैस बसणे, मागच्या चाकांना मिळणारी ताकद. सुरुवातीला ॲम्बॅसिडरचेच दीड लिटरचे इंजिन तिला होते, ते त्या जड अंगाला पुरत नसे. मग इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आणि पाच गिअर आले आणि गाडीला जीव आला. आजही काही मालक ती ऑफिसला नेतात, मंडईत नेतात. त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण गाडी जिवंत ठेवण्याचा तोच मार्ग आहे.

उभी गाडी आतून खराब होते. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सुकून जेट चिकटतात. ब्रेकच्या सिलिंडरात ओल धरते, गंज चढतो, पिस्टन अडकतो. ऑइल सील कडक होतात, टायर एकाच जागी दबून चपटा होतो. आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. नळ्या बदलून घ्याव्यात आणि गाडी फिरती ठेवावी, हाच त्यावर इलाज.

वर्षातून एखाददुसऱ्या रविवारी हीच गाडी ऑटोक्रॉसला न्यावी, असेही मी म्हणेन. मातीच्या मैदानावर शंकू मांडलेले असतात, गाडी एकटीच सुटते आणि शर्यत घड्याळाशी असते. बराचसा खेळ दुसऱ्या गिअरवरच चालतो. कॉन्टेसाचे नाक वळले की शेपूट बाहेर पडते. स्टिअरिंग उलटे फिरवून ते आवरावे लागते, आणि हात एवढे भरून येतात की दुसऱ्या फेरीआधी पाच मिनिटे बसावे लागते. झिजलेला बॉल जॉइंट आणि तापून ढिला पडणारा ब्रेक तिथे दोन फेऱ्यांत कळतो. तो रिकाम्या मैदानावर कळलेला केव्हाही बरा. शाळा सुटायच्या वेळी भर रस्त्यात कळू नये.

जुन्या गाड्यांच्या धुराचा आणि ब्रेकचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच तपासणी कडक हवी. जर्मनीत तीस वर्षांवरची, मूळ रूप राखलेली गाडी तज्ज्ञाने तपासली की तिला ‘एच’ पाटी मिळते, आणि त्या पाटीवर ती रोज चालवता येते. आपणही ‘व्हीए’ गाडीला वर्षाकाठी ठरावीक किलोमीटर द्यावेत आणि दरवर्षी ब्रेक, स्टिअरिंग, धूर तपासावा. नापास झाली तर ती दुरुस्त होईपर्यंत थांबवावी. पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये पन्नाशीला पोचतील. नियम दुरुस्त करायला तोवर पुरेसा वेळ आहे.

दुपारी त्या नावाड्याने दोघांना हाताशी घेऊन नाव पाण्यात ढकलली. ती थोडी गळत होती. फळ्या फुगेपर्यंत तो पत्र्याच्या डब्याने पाणी उपसत बसला.