वाळूची साक्ष

ध्वनी हा कानांचा विषय. तो डोळ्यांपुढे मांडण्याचे मोठे श्रेय जर्मन संशोधक अर्न्स्ट क्लाड्नी याच्याकडे जाते. धातूची पातळ तबकडी मध्यभागी घट्ट आवळायची, तिच्यावर बारीक वाळू भुरभुरायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा, एवढाच त्याचा प्रयोग. तबकडी जेथे कंप पावते तेथून वाळू उडते आणि जेथे ती निश्चल असते, त्या निस्पंद रेषांवर जाऊन बसते. पाहता पाहता रेखीव आकृती साकारते. १७८७ साली क्लाड्नीने या आकृती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. १८०९ मध्ये पॅरिस येथे नेपोलियनने हा प्रयोग पाहिला. त्यामागील गणितासाठी पारितोषिक जाहीर झाले आणि १८१६ साली सोफी जर्मेन या विदुषीने तिसऱ्या प्रयत्नात ते मिळविले.

या आकृती पाहून आपल्याकडे अनेकांना रांगोळी वा यंत्रे आठवतात आणि ‘पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. साम्य मोहक खरे. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. वाळूला मंत्राचा अर्थ कळत नाही. आकृती ठरते ती तबकडीचा धातू, आकार, जाडी आणि कंपनसंख्या यांवरून.

अभिमानाला भक्कम आधार हवाच असेल, तर तो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी देऊन ठेवला आहे. ताणलेल्या साध्या गोल चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशी मेळ राखत नाहीत. मृदंग व तबल्याच्या पुडीवरील शाईचा भार मात्र हा मेळ घडवून आणतो, हे त्यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासमवेत ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. १९३४ च्या निबंधात तर त्यांनी पुडीवर वाळू भुरभुरून निस्पंद रेषाच दाखविल्या. अनाम कारागिरांनी कानाने व हाताने साधलेले कौशल्य अशा रीतीने जगासमोर सिद्ध झाले.

रामन यांनी परंपरेचा नुसता जयघोष केला नाही. तिला प्रयोगाच्या कसोटीवर उभे केले आणि ती उतरली. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळाशाळांतून भाषणे होतात. त्यांतले एखादे वगळून विद्यार्थ्यांच्या हाती एक तबकडी, एक गज आणि मूठभर वाळू दिली, तर रामन यांचे स्मरण अधिक सार्थ ठरेल.