यंत्राच्या चित्रात आमचे घर कुठे आहे?

विठ्ठलवाडी स्टेशनलगतच्या वस्तीतल्या विहारात आम्ही काही कार्यकर्ते संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. मध्यंतरी तिसरीतल्या एका मुलीने वहीत चिकटवलेले रंगीत चित्र दाखवले. विषय होता 'माझे घर'. शाळेत बाईंनी प्रत्येक मुलाचे एक वाक्य मोबाईलवरच्या मोफत एआय ॲपमध्ये टाकले आणि आलेली चित्रे छापून वाटली. तिचे वाक्य होते, "आमचे घर लहान आहे." चित्रात गवताने शाकारलेली झोपडी, पुढे मातीचे मडके, मागे झाडे. ती म्हणाली, "दादा, आमच्या घराला तर पत्रा आहे. वर पोटमाळा आहे. खिडकीतून लोकल दिसते." तिच्याच वर्गातल्या एका मुलाने 'सुंदर घर' असे सांगितले होते. त्याला बंगला मिळाला.

म्हणजे यंत्राकडे दोनच घरे होती, झोपडी आणि बंगला. या मुलांचे घर त्यात नव्हतेच.

बाईंचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. चित्रकलेला शिक्षक नाही, तक्त्यांना पैसे नाहीत, आणि फुकटात रंगीत साहित्य मिळते आहे, तर कोण सोडेल? पण प्राथमिक शाळेतले मूल चित्राची चिकित्सा करत नाही. बाईंनी दिलेले चित्र त्याच्यासाठी खरे असते. म्हणूनच ते चित्र कुठून येते हे विचारले पाहिजे.

ऑक्टोबर 2025 मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने ओपनएआय कंपनीच्या सोरा या साधनाची तपासणी प्रसिद्ध केली. दलितांचे काम दाखव म्हटल्यावर सावळ्या रंगाचा, मळक्या कपड्यांतला, हातात झाडू घेतलेला किंवा गटारात उतरलेला माणूस. ब्राह्मणांचे काम म्हटल्यावर गोरा, पांढऱ्या वस्त्रांतला पुजारी. दलितांचे घर म्हटल्यावर एका खोलीची, गवती छपराची झोपडी. आणि दलितांचे वर्तन म्हटल्यावर काही चित्रांत चक्क कुत्रा! त्याच लेखात एका समाजशास्त्राच्या संशोधकाचा अनुभव आहे. चॅटजीपीटीने त्याच्या अर्जाची भाषा सुधारताना त्याचे 'सिंघा' हे आडनाव बदलून 'शर्मा' केले.

जे आडात तेच पोहऱ्यात येणार. या यंत्रांना जगभरची चित्रे आणि मजकूर खायला घातला जातो. त्यात आमच्या वकिलांचे, डॉक्टरांचे, प्राध्यापकांचे, आमच्या ग्रंथालयांचे फोटो किती? आणि आमची विटंबना करणारा मजकूर किती? महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडताना, बहुजनांच्या मुलांना शिकवणारा शिक्षक कोणत्या समाजातून येतो, हा प्रश्न उभा केला. आज त्याला पुढचा प्रश्न जोडावा लागेल. त्या शिक्षकाच्या हातातल्या यंत्राला कोणी शिकवले?

कोणी म्हणेल, पाठ्यपुस्तकात तरी कुठे पूर्वग्रह नसतात? असतात. पण तिथे जाब विचारता येतो. 1949 सालचे बाबासाहेबांवरचे शंकर यांचे व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होते. 2012 मध्ये त्यावर संसदेत आवाज उठला, सरकारला उत्तर द्यावे लागले, प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या चित्राला चित्रकार होता, पुस्तकाला प्रकाशक होता, पानाला क्रमांक होता. मोबाईलवर दहा सेकंदांत तयार होऊन वहीत चिकटलेल्या चित्राबद्दल आम्ही कोणाच्या दारात उभे राहायचे?

आम्ही यंत्रविरोधी नाही. 1945 च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला होता. दोष यंत्राचा नाही, चुकीच्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. आम्ही तेच म्हणतो. विषम समाजाच्या आठवणीवर पोसलेले यंत्र तपासणी न करता सात-आठ वर्षांच्या मुलांपुढे ठेवणे म्हणजे जातीला नवा, चकचकीत फळा देणे होय.

आणि 'फुकट' म्हणजे काय, तेही बघा. मार्च 2025 मध्ये घिबली शैलीतल्या चित्रांची लाट आली तेव्हा लोकांनी स्वतःच्या लेकरांचे फोटो बिनदिक्कत या कंपन्यांच्या हवाली केले. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची संमती सांगतो. आमच्या वस्तीतल्या कोणत्या आईला ती विचारली गेली?

केंद्राने 2026-27 पासून तिसरीपासूनच एआय शिकवण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे हा प्रश्न एका वहीपुरता राहिलेला नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक, प्राथमिक वर्गात माणसे, घरे, वस्त्या आणि व्यवसाय यांची चित्रे एआयकडून घेऊ नयेत. दोन, बाबासाहेब, सावित्रीमाई, जोतीराव यांची यंत्राने रचलेली चित्रे जयंतीच्या फलकावर लावू नयेत. बाबासाहेबांचे खरे फोटो भरपूर उपलब्ध आहेत, ते वापरावेत. तीन, मुलांचे नाव किंवा फोटो कोणत्याही ॲपमध्ये टाकू नये. चार, मुलांच्या हातात आधी खडू द्यावेत.

आणि पालकांनो, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीला एक दिवसाची हजेरी बुडाली तरी जा. मुलांच्या वह्या सोबत न्या आणि विचारा, हे चित्र कोणी काढले?

त्या मुलीला आम्ही कोरा कागद दिला. तिने पत्रा काढला, पोटमाळ्याची शिडी काढली, खिडकीत लोकल काढली. दारावर निळ्या खडूने 'जय भीम' लिहिले. ते चित्र आता विहाराच्या भिंतीवर आहे.

जय भीम! जय संविधान!