स्टेडियमचा खर्च आणि रोजचे गिऱ्हाईक

विलायतेतील फुटबॉल क्लबांचे हिशोब वाचले की आम्हा कापडवाल्यांना आपलीच चोपडी उघडल्यासारखे वाटते. लंडनच्या आर्सेनल क्लबने २००६ साली सुमारे ३९ कोटी पौंड खर्चून नवे स्टेडियम उभारले. जुन्या मैदानात ३८ हजार माणसे बसत, नव्यात ६० हजार. जुन्या जागेवर फ्लॅट बांधले, दारावर दुबईच्या एमिरेट्स विमान कंपनीचे नाव लावले, तरी मोठे कर्ज डोक्यावर राहिलेच. पुढे वर्षभराचे सर्वांत स्वस्त तिकीटसुद्धा हजार पौंडांच्या घरात गेले.

आता हजेरीची गंमत पाहा. क्लब जो आकडा जाहीर करतो तो विकलेल्या तिकिटांचा, आलेल्या माणसांचा नव्हे. २०१७-१८ च्या मोसमात कागदावर स्टेडियम जवळपास भरलेले आणि खुर्च्या मात्र रिकाम्या, असे अनेकदा दिसले. गल्ल्यात पैसे आले म्हणून मालक खूश. पण पैसे भरूनही जो येत नाही, तो पुढच्या साली पैसे भरेलच कशावरून?

लिव्हरपूलने स्टेडियमचा मोठा भाग नव्याने बांधताना सर्वांत महाग तिकीट ५९ वरून ७७ पौंड करायचे ठरवले. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून निघून गेले. संघ तेव्हा दोन गोलांनी पुढे होता. सामना बरोबरीत सुटला! चार दिवसांत क्लबने माफी मागून भाव ५९ वर आणला. गिऱ्हाईक एकजुटीने उठले की भाव असा उतरतो.

जर्मनीच्या बायर्न म्युनिकनेही कर्ज काढूनच २००५ साली स्टेडियम बांधले. पण २०१४ साली त्यांनी आलियान्झ या विमा कंपनीला ११ कोटी युरो घेऊन सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास भागीदारी दिली आणि त्याच वर्षी कर्ज मुदतीच्या १६ वर्षे आधी फेडून टाकले. उभ्याने सामना पाहणाऱ्याचे तिकीट मात्र १५ युरोंच्या आसपासच ठेवले. ज्याला आपण शिर्कत म्हणतो, ती याहून वेगळी काय असते?

आमच्याकडे दुकानाला काच आणि एसी बसला की मीटरमागे भाव चढतो. भागीदार घ्या म्हटले, तर सख्ख्या भावालाही चोपडी दाखवायला आम्ही तयार नसतो. बँकेच्या मॅनेजरपुढे मात्र घराचे कागदसुद्धा नेऊन ठेवतो.