निजाम गेला, जमीन कुणाकडे गेली?



दर वर्षी १७ सप्टेंबरला मोठी भाषणं होतात. १९४८ साली फौज आत शिरली, पाच दिवसांत निजाम शरण आला आन् हैदराबाद मोकळं झालं म्हणं! मग त्याआधी दहा वर्षं माणसं कशापायी मरत होती?

निजामाचं राज्य नुसत्या गादीवर उभं नव्हतं, जमिनीवर उभं होतं. साधारण दहावा हिस्सा जमीन त्याची खाजगी, तिला सर्फ-ए-खास म्हणत. जवळजवळ तिसरा हिस्सा जहागिरदारांचा. उरलेल्या सरकारी मुलखातही, तेलंगणात देशमुखांनी हजारो एकर आपल्या नावावर चढवून घेतलेले. राबणारा वेठीला. देशमुखाचं शेत आधी, स्वतःचं मागनं, मजुरीचं नाव नाही.

आदिलाबादच्या डोंगरात गोंडांची कसती जमीन जंगलखात्यानं राखीव ठरवली. कोमराम भीम उठला. १९४० साली जोडेघाटला पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. १९३८ च्या सत्याग्रहात मराठवाड्यातली पोरं तुरुंगात गेली. ४ जुलै १९४६ ला कडवेंडी गावात दोड्डी कोमरय्या देशमुखाच्या गुंडांच्या गोळीनं पडला आन् तेलंगणा पेटला. गावोगाव संघम उभे राहिले. वेठ बंद पाडली, देशमुख पळाले, जमीन कसणाऱ्यांत वाटली गेली. रझाकारांनी गावं जाळली, तरी माणसं हटली नाहीत.

मग फौज आली. रझाकार मोडले, ते बरंच झालं. पण फौजेच्या मागोमाग पळालेले देशमुखही परत आले आन् वाटलेली जमीन हिसकावू लागले. १९५१ पर्यंत शेतकरी लढत राहिले, आता आपल्याच सरकारशी. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, पण जहागिरदारांना भरपाई मिळाली. निजामाला वर्षाला ५० लाखांचा तनखा, वर राजप्रमुखपद. वेठबिगाऱ्याला भरपाई कुणी दिली?

हे हैदराबादेतच झालं असं नाही. १७८९ साली फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या वाड्यांतले देण्याचे कागद जाळले. ४ ऑगस्टच्या रात्री सभेनं सरंजामशाही संपल्याचं जाहीर केलं, पण बरीचशी देणी पैसे मोजून सोडवून घ्या म्हणाली! जानेवारी १७९३ मध्ये राजाचं मुंडकं उडालं. उरलेली देणी फुकटात रद्द व्हायला त्या सालचा जुलै उजाडला, तेही शेतकऱ्यांनी भरायचं नाकारलं म्हणून.

आन् आपलं मुळशी? १९२१ साली धरणाविरुद्ध मावळे सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले. ज्यांच्याकडे जमिनीचे कागद होते त्या सावकारांनी वाढीव मोबदल्यावर समाधान मानलं. कसणाऱ्यांची घरंदारं पाण्याखाली गेली.

आज पिरंगुटच्या आसपास जमिनीला सोन्याचा भाव आलाय. इकडं कातकरी वाडीत झोपडं आपलं, पण खालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. इथं राजा नाही, पण त्याचा कारभार कागदात शिल्लक आहे. म्हणून नुसतं "राजा गेला" म्हणून नाचू नका. तलाठ्याकडं एकट्यानं जाऊ नका, सगळी वाडी मिळून जा. सातबारा मागा, तो मोठ्यानं वाचून घ्या. कसणाऱ्याचं नाव, राहणाऱ्याचं नाव त्यावर चढेस्तोवर हटायचं नाही.

ज्या दिवशी ते नाव चढेल, तो आपला मुक्तिदिन!