एका अणूची अदलाबदल

कर्करोगाच्या उपचारपत्रावर ‘५-एफयू’ ही अक्षरे अनेक कुटुंबांनी पाहिलेली असतात. पूर्ण नाव ५-फ्लुरोयुरॅसिल. युरॅसिल हा सजीव पेशीतील आरएनएचा नित्याचा घटक. चार कार्बन व दोन नायट्रोजन अणूंचे लहानसे वलय. कार्बनखेरीज अन्य मूलद्रव्यही ज्यांच्या वलयात असते, त्यांना विषमचक्रीय संयुगे म्हणतात. या वलयाच्या पाचव्या स्थानावरील हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन आला की अन्नाचे औषध होते.

उंदरांच्या यकृतातील गाठी निरोगी ऊतींपेक्षा युरॅसिल अधिक वापरतात, असे दिसून आले होते. तेव्हा गाठीला तिचेच अन्न, पण किंचित बदलून द्यावे, असे विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर यांनी ठरविले. १९५७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनहून थोडाच मोठा, म्हणून पेशी फसते. डीएनएसाठी थायमिन घडविणारे विकर या बनावट घटकाला धरते. एरवी या टप्प्यावर हायड्रोजन सुटून जातो. फ्लोरिन सुटत नाही, कारण कार्बनशी त्याचा बंध फार बळकट असतो. विकर जागीच जखडले जाते आणि पेशीचे विभाजन खुंटते.

दुर्दैवाने तोंडातील, आतड्यातील व अस्थिमज्जेतील वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशीही यात सापडतात. औषधाचा बहुतांश भाग डीपीडी नावाचे विकर निकामी करते. ज्यांच्यात ते जन्मतः अपुरे असते, त्यांना नेहमीची मात्राही जीवघेणी ठरू शकते. युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये उपचारापूर्वी या विकराची तपासणी सुचविली. आप्तांनी डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये.

बंधाचा हाच बळकटपणा शेतात मात्र वेगळाच हिशेब मांडतो. फिप्रोनिल या कीटकनाशकाच्या गाभ्याशी पायराझोल हे विषमचक्रीय वलय असून रेणूत फ्लोरिनचे सहा अणू आहेत. ते किडीच्या मज्जासंस्थेवर आघात करते. पण मधमाशी कीड नव्हे, हे त्याला कळत नाही. त्यामुळेच युरोपीय संघाने २०१३ मध्ये मका व सूर्यफुलाच्या बियाण्यांवर त्याच्या वापरास बंदी घातली. जमिनीत व प्राण्यांच्या शरीरात त्याचे सल्फोन बनते, तरी फ्लोरिन तसाच राहतो आणि नवे संयुगही विषारीच असते. २०१७ साली नेदरलँड्समधील कोंबड्यांच्या खुराड्यांत ते माइटनाशक म्हणून बेकायदा फवारले गेले. त्याचा अंश अंड्यांत उतरला आणि युरोपातील बाजारांतून लक्षावधी अंडी परत घ्यावी लागली.