वर्ग आधीच ओस होता

फुकटच्या व्हिडिओंनी गणिताचे वर्ग ओस पाडले, असे गेल्या अंकातले पत्रलेखक म्हणतात. वर्ग त्याआधीच ओस होते, हे ते सोयीस्करपणे विसरतात. एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग २०२३ मध्ये निवृत्त झाले. त्यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्याने आजही फुकट पाहता येतात. मॅट्रिक्सने व्हेक्टरला गुणणे म्हणजे मॅट्रिक्सचे स्तंभ योग्य त्या पटीत घेऊन मिळवणे, हे ते दाखवतात तेव्हा ३० वर्षे शिकवूनही मी वही काढते. मुलांना व्याख्यान घरी पाहायला सांगते, तासाला फक्त गणिते. अडचण वेगळीच आहे: पाहताना सगळे कळल्यासारखे वाटते, कोरा कागद पुढे आला की पेन अडते. (इंग्रजीचा अडसर आहेच.) तेवढ्यापुरती माझी नोकरी शाबूत आहे.

— गणिताची एक प्राध्यापिका, सांगली